संमती पालकांची, मौन मुलांचे

पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या फाटकावर पहारा असतो. घरातील मोबाईलला तो नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळेच्या निमित्ताने मोबाईल मुलांच्या हाती आला आणि तेथेच राहिला. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत, तो वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. परंतु संमती कोठे द्यावयाची, हेही कित्येक पालकांना मुलेच दाखवितात! अश्लील चित्रे वा धमक्या आल्या तरी मूल गप्प राहते. सांगितले तर वडील मोबाईल काढून घेतील, आणि वर्गाचा गृहपाठही त्यावरच येतो.