ॲपल विरुद्ध एफबीआय : न लागलेल्या निकालाविषयीचे गैरसमज

अमेरिकी न्यायालयाने ॲपलच्या बाजूने निकाल दिला आणि सरकार कंपनीला फोनची सुरक्षा तोडायला लावू शकत नाही हे कायमचे ठरले, असे विधान खासगीपणावरच्या चर्चेत आजही ठामपणे केले जाते. दुसरी बाजू तितक्याच ठामपणे सांगते की न्यायालयाचा आदेश ॲपलने धुडकावला आणि दहशतवाद्याला पाठीशी घातले. दोन्ही विधाने चुकीची आहेत. २०१६ सालच्या या प्रकरणात मूळ कायदेशीर प्रश्नाचा निकाल लागलाच नाही. कागदपत्रे सर्वांसाठी खुली असूनही हे पुन्हापुन्हा सांगावे लागते.

२ डिसेंबर २०१५ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे सय्यद रिझवान फारूक आणि त्याची पत्नी ताशफीन मलिक यांनी केलेल्या गोळीबारात १४ जण ठार झाले. त्याच दिवशी पोलिसांशी झालेल्या चकमकीत दोघेही मारले गेले. खासगी फोन त्यांनी आधीच नष्ट केले होते. हाती लागला तो फारूकला नोकरीच्या कामासाठी मिळालेला आयफोन ५सी. त्याची मालकी काउंटी प्रशासनाची होती, झडतीला मालकाची संमती होती आणि वॉरंटही होते. त्यामुळे हा फोन तपासण्याचा पोलिसांना अधिकार आहे की नाही, याबद्दल वाद कधीच नव्हता. वाद होता तो असा : गुन्ह्याशी कसलाही संबंध नसलेल्या कंपनीकडून सरकार सक्तीने नवे सॉफ्टवेअर लिहून घेऊ शकते का?

नवे सॉफ्टवेअर का, हे न समजल्यामुळेच बराच गोंधळ होतो. ‘ॲपलने फक्त फोन उघडून द्यायचा होता’ असे सर्रास म्हटले जाते. पण त्या फोनमधली माहिती ज्या किल्लीने कूटबद्ध होती, ती वापरणाऱ्याचा पासकोड आणि चिपमध्येच कोरलेला गुप्त क्रमांक मिळून तयार होत असे. पासकोड ॲपलकडे नव्हता. दहा वेळा चुकला तर माहिती पुसली जाण्याची सोय फोनमध्ये होती आणि काही चुकांनंतर थांबण्याचा काळ वाढत जाई. एफबीआयला हवे होते ते या बंधनांशिवायचे, फोनवर चढवता येईल असे सॉफ्टवेअर : माहिती पुसली जाऊ नये, मध्ये थांबावे लागू नये आणि पासकोड बोटांनी न टाइप करता संगणकातून देता यावेत. एका प्रयत्नाला सुमारे ८० मिलिसेकंद धरले, तर चार अंकी पासकोडच्या सर्व १०,००० शक्यता पाव तासाच्या आत तपासून होतात. ॲपलची डिजिटल सही नसलेले सॉफ्टवेअर फोन स्वीकारत नाही, म्हणून कंपनीवाचून सरकारचे अडले होते.

१६ फेब्रुवारी २०१६ रोजी मॅजिस्ट्रेट न्यायाधीश शेरी पिम यांनी ॲपलला अशी मदत करण्याचा आदेश दिला. हा आदेश सरकारच्या एकतर्फी अर्जावर, ॲपलचे म्हणणे ऐकण्याआधी निघाला होता. तो अवाजवी जाचक वाटल्यास पाच कामकाजी दिवसांत हरकत घ्यावी, अशी मुभा त्यातच होती. मुदत पुढे वाढली आणि २५ फेब्रुवारीला ॲपलने आदेश रद्द करण्यासाठी अर्ज केला. आदेशातच दिलेला मार्ग वापरणाऱ्याला ‘आदेश धुडकावणारा’ म्हणणे हा सरळसरळ अन्याय आहे, मग ती कंपनी कितीही बलाढ्य असो.

सरकारची सारी भिस्त १७८९ च्या ऑल रिट्स ॲक्टवर होती. न्यायालयांना आपल्या अधिकारक्षेत्राच्या रक्षणासाठी आवश्यक ते आदेश काढता यावेत, एवढाच त्या कायद्याचा आशय. १९७७ मध्ये न्यूयॉर्क टेलिफोन कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याखाली, फिरवलेले क्रमांक नोंदवणारे यंत्र बसवण्यासाठी कंपनीने पोलिसांना मदत करावी, हे मान्य केले होते. कंपनी प्रकरणापासून किती दूर आहे, तिच्यावर बोजा किती पडतो आणि तिच्यावाचून काम अडते का, हे तेव्हाचे निकष. ॲपलचे उत्तर असे की टेलिफोन कंपनीकडे साधने तयार होती. इथे सहा ते दहा अभियंत्यांना दोन ते चार आठवडे राबून आपलीच सुरक्षा पोखरणारी गोष्ट नव्याने घडवावी लागेल. शिवाय सॉफ्टवेअर लिहिणे ही अभिव्यक्ती असून तिची सक्ती अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीच्या विरुद्ध आहे, असाही कंपनीचा युक्तिवाद होता. दोन्ही बाजूंत दम होता. म्हणूनच निकाल लागायला हवा होता.

सुनावणी २२ मार्चला ठरली होती. आदल्या दिवशी सरकारने ती पुढे ढकलायला सांगितले, कारण एका त्रयस्थाने फोन उघडण्याचा मार्ग दाखवला होता. २८ मार्चला, फोनमधली माहिती मिळाल्याचे सांगून सरकारने माघार घेतली आणि आदेश रद्द झाला. कोणीही जिंकले नाही, कोणीही हरले नाही.

‘ॲपलच्या विजया’चा आधार म्हणून ब्रुकलिनचा निर्णय अनेकदा पुढे केला जातो. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायाधीश जेम्स ओरेन्स्टाइन यांनी अमली पदार्थांच्या खटल्यातील आयफोनबाबत सरकारची मागणी खरोखरच फेटाळली. पण तो वेगळा फोन आणि वेगळा खटला. मॅजिस्ट्रेट न्यायाधीशाचा निर्णय इतर न्यायालयांवर बंधनकारक नसतो. त्याविरुद्ध सरकारने दाद मागितली, पण पासकोड दुसरीकडून मिळाल्याने एप्रिलमध्ये तीही मागे घेतली गेली. तिथेही वरच्या न्यायालयाचे मत कळले नाही.

आणखी काही गैरसमज असे. ‘ॲपलने काहीच मदत केली नाही’ : १९ ऑक्टोबर २०१५ पर्यंतचे आयक्लाउड बॅकअप कंपनीने तपास यंत्रणेला दिले होते. त्यानंतरचा बॅकअप मिळवण्याची वाट बंद झाली, कारण हल्ल्यानंतर लगेच त्या खात्याचा पासवर्ड बदलण्यात आला. ही चूक होती, असे एफबीआयचे तत्कालीन संचालक जेम्स कोमी यांनी अमेरिकी काँग्रेससमोर मान्य केले.

‘प्रश्न एकाच फोनचा होता’ : मॅनहॅटनच्या जिल्हा सरकारी वकिलांनी त्याच सुमारास आपल्याकडे असे न उघडता येणारे १७५ आयफोन पडून असल्याचे सांगितले होते.

‘फोन सेलेब्राइट या कंपनीने उघडला’ : ही तेव्हाची वृत्तपत्री अटकळ. वॉशिंग्टन पोस्टने २०२१ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार ते काम ॲझिमथ सिक्युरिटी या ऑस्ट्रेलियन कंपनीचे.

‘दुसरा मार्ग नाही, हे एफबीआय जाणूनबुजून खोटे बोलली’ : अमेरिकी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांच्या मार्च २०१८ च्या अहवालाने हा आरोप उचलून धरला नाही. मात्र तोडगा जवळजवळ तयार असलेल्या कंपनीची माहिती एफबीआयच्याच एका विभागाकडे होती आणि ती वेळेत योग्य जागी पोहोचली नाही, असे त्यात नोंदले आहे. देशाच्या सुरक्षेच्या नावाने न्यायालयात जाण्यापूर्वी आपल्याच घरात नीट चौकशी न होणे, ही गंभीर बाब आहे.

‘भारतात ॲपलचाच दाखला चालेल’ : जो निकाल लागलाच नाही, तो चालणार कुठे? भारतात सरकारला ऑल रिट्स ॲक्टसारख्या जुन्या, मोघम कायद्याची गरजही नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९ नुसार माहिती उलगडून देण्याचा आदेश देता येतो आणि तो न पाळल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र २००९ च्या नियमांनुसार मध्यस्थ कंपनीवरची ही जबाबदारी, तिने स्वतः कूटबद्ध केलेल्या किंवा जिच्या किल्लीवर तिचे नियंत्रण आहे अशा माहितीपुरतीच मर्यादित आहे.