भूल आणि विसरलेली गोळी

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई मला तपासायला आल्या. काम तसे नेहमीचेच होते. पित्ताशयातल्या खड्यांमुळे दुर्बिणीतून पित्ताशय काढायचे होते. रक्तदाब, दमा, पूर्वीची शस्त्रक्रिया असे एकेक विचारत त्या कागद भरत होत्या. ‘‘रोजची काही औषधे?’’ मी ऐटीत म्हणालो, ‘‘काही नाही.’’ कोपऱ्यातून पत्नीचा आवाज आला, ‘‘अहो, आणि गुडघ्याच्या त्या गोळ्या?’’

बाईंनी पेन खाली ठेवले. ‘‘दुखले की घेतो,’’ मी सारवासारव केली. ‘‘दुखतात रोजच,’’ पत्नीने हिशेब पुरा केला. बाईंनी रक्ताचा अहवाल पुन्हा उलगडला. क्रिएटिनीन थोडे वाढलेले होते. गोळ्या बंद करून शस्त्रक्रिया दोन आठवडे पुढे गेली.

मी वैतागलो. भूल हा मेंदूचा मामला. त्यात मूत्रपिंडांचा काय संबंध? तो बाईंनी समजावून सांगितला, आणि माझी ऐट उतरली.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून वजनाने शरीराच्या अर्धा टक्काही नसतात. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, त्यांच्याकडे जातो. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव ती गाळतात आणि दीडेक लिटर लघवी ठेवून बाकी सारा रक्ताला परत करतात. इतकी चोख परतफेड बँकेतल्या साऱ्या नोकरीत मी पाहिली नाही!

हे गाळणे रक्ताच्या दाबावर चालते. संपूर्ण भूल दिली की रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो आणि गाळणेही मंदावते. त्यात शस्त्रक्रियेच्या ताणाने मेंदू पाणी राखून ठेवणारे संप्रेरक सोडतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरतात, त्याचाही दाब मूत्रपिंडांवर पडतो. म्हणून त्या वेळी लघवी कमी होणे हे नेहमी बिघाडाचेच लक्षण नसते. भूल उतरली, वायू काढला, की काम बहुधा पूर्ववत होते.

दाब थोडा उतरला तरी निरोगी मूत्रपिंड स्वतःला सांभाळते. आत रक्त आणणारी बारीक वाहिनी ते रुंद करते. त्यासाठी लागणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये नेमकी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा वेदनाशामकांनी अडतात. म्हणजे मी सांभाळ करणाऱ्याचेच हात बांधून टेबलावर झोपणार होतो!

भूलीचे औषधच मूत्रपिंडांना बाधल्याचाही इतिहास आहे. १९६० साली वापरात आलेल्या मेथॉक्सिफ्लुरेनने काही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर पाण्यासारखी भरमसाट लघवी होऊ लागली. १९६६ मध्ये त्याची नोंद झाली. शरीरात त्यापासून सुटणारे फ्लोराइड दोषी ठरले आणि शस्त्रक्रियेसाठी त्याचा वापर मागे पडला. आजच्या औषधांत ती भीती फारशी उरलेली नाही. आता खरी काळजी असते ती उतरलेल्या दाबाची. अमेरिकेत तेहतीस हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सरासरी दाब ५५च्या खाली काही मिनिटे जरी गेला, तरी त्याचा मूत्रपिंडांच्या इजेशी संबंध त्यात आढळला. आपण गाढ झोपेत असतो तेव्हा उशाशी कोणीतरी त्या आकड्यावर नजर खिळवून बसलेले असते, ते उगाच नव्हे.

दोन आठवड्यांनी शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. गुंगीतून डोळे उघडले तेव्हा पत्नी परिचारिकेला विचारत होती, ‘‘यांना लघवी नीट झाली ना?’’ एरवी मी लाजलो असतो. त्या दिवशी कान देऊन उत्तर ऐकले.

वाचकहो, रोजची, अधूनमधूनची, दुकानातून आपणच आणलेली, काढे आणि चूर्णे, सारे भूलतज्ज्ञांना सांगा. पण कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तो निर्णय त्यांचा. आमच्या घरी आता कॅलेंडरच्या जुन्या पानामागे ही यादी लिहिलेली असते. अक्षर पत्नीचे आहे. माझ्या स्मरणशक्तीवर तिचा विश्वास उरलेला नाही, आणि माझाही.