बदललेले इंजिन आणि पट्ट्याची रेषा

जुन्या वाहनाचे मूळ इंजिन निकामी झाले की त्याच्या जागी दुसऱ्या जातीचे इंजिन बसवण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या जीपगाड्यांत डिझेल इंजिन बसवण्याचे काम आपल्याकडील गॅरेजांनी वर्षानुवर्षे केले आहे. अँबॅसेडरच्या बाबतीत तर खुद्द कारखान्यानेच १९९० च्या दशकात इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन दिले. आपल्या निवासी शाळेचे जे माजी विद्यार्थी वाहनदुरुस्तीच्या व्यवसायात आहेत, आणि ज्यांच्या दारात वडिलांची जुनी गाडी अजून उभी आहे, अशांसाठी या कामातील एका दुर्लक्षित भागाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. (इंजिनबदल हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कक्षेत येतो, परिवहन कार्यालयाची मंजुरी आधी, पाना नंतर.)

इंजिन बसवताना सर्वांचे लक्ष माउंटिंग, गिअरबॉक्स आणि सायलेन्सर यांकडे असते. पुढच्या बाजूचा पट्टा, ज्याला आपण सरसकट फॅनबेल्ट म्हणतो, तो शेवटी मिळेल तसा चढवला जातो. आमच्या मते हा क्रम उलटा हवा. बहुतेक जुन्या इंजिनांत वॉटर पंप आणि अल्टरनेटर याच पट्ट्यावर फिरतात. पट्टा घसरला की पाणी फिरणे मंदावते, इंजिन तापते आणि हेड गॅस्केट जाते. डिझेल इंजिनात धोका आणखी एका ठिकाणी असतो. पेट्रोल इंजिन ब्रेक बूस्टरला लागणारी निर्वात स्वतःच्या शोषणातून पुरवते. डिझेल ती पुरवू शकत नाही. म्हणून त्यास व्हॅक्यूम पंप लागतो, आणि आपल्याकडील अनेक डिझेल वाहनांत तो अल्टरनेटरच्या पाठीशी, त्याच दांड्यावर असतो. अशा गाडीचा पट्टा घाटात तुटला तर साठलेल्या निर्वातीवर ब्रेक एकदोनदा नेहमीसारखा लागतो. पुढे पेडल दगडासारखे घट्ट होते. त्याचप्रमाणे, पंप नसलेला अल्टरनेटर स्वस्तात मिळाला म्हणून लावणे म्हणजे ब्रेकची शक्तीच काढून घेणे होय.

पट्ट्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला व्ही पट्टा. तो खोबणीच्या तळावर नव्हे, तर दोन्ही तिरक्या भिंतींवर पाचरीसारखा अडकून शक्ती वाहतो. त्याची वरची कड पुलीच्या काठाशी जवळजवळ समपातळीत यावी. १० मिलिमीटरचा पट्टा १३ च्या खोबणीत घातला तर तो तळाला टेकतो व घसरतो. तळ आरशासारखा चकाकत असेल तर हेच घडत आहे असे समजावे. ‘एव्ही १३ × १०२५’ या खुणेचा अर्थ वरची रुंदी १३ आणि बाहेरून लांबी १०२५ मिलिमीटर. दुसरा प्रकार अनेक बारीक धारांचा चपटा पट्टा. ‘६ पीके १२००’ म्हणजे सहा धारा आणि १२०० मिलिमीटर लांबी. या दोघांची सरमिसळ चालत नाही. क्रँकवर एक आणि अल्टरनेटरवर दुसरा प्रकार असेल तर अल्टरनेटरची पुली बदलावी, क्रँकची नव्हे. अनेक इंजिनांच्या क्रँकपुलीत रबराचे कडे असते. ते त्याच क्रँकच्या पिळाची कंपने शमवण्यासाठी जुळवलेले असते. त्याजागी लेथवर कातलेली भरीव पुली लावल्यास कालांतराने क्रँकशाफ्टलाच तडा जाण्याचे भय असते.

सुट्या भागांची सरमिसळ किती फसवी असते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील शेव्हरोलेचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे जुन्या मोटारींत इंजिन बदलण्याचा छंद फार मोठा आहे, आणि या कंपनीचे लहान व्ही-८ इंजिन त्यासाठी सर्वाधिक वापरले गेले. १९६९ पासून कंपनीने बहुतेक मोटारींत आखूड वॉटर पंपाऐवजी लांब पंप दिला. दोन्ही पंप त्याच बोल्टांवर बसतात. परंतु पुलीची जागा सुमारे ३२ मिलिमीटरने पुढे सरकते. आखूड पंपाचे ब्रॅकेट आणि लांब पंपाच्या पुल्या एकत्र आल्या की पट्टा सरळ धावूच शकत नाही. पुढे १९८० च्या दशकात चपटा पट्टा आला, तेव्हा त्याच्या गुळगुळीत पाठीवर वॉटर पंप फिरवला गेला. पाठीवर फिरणारी पुली उलट दिशेने फिरते, म्हणून पंपातील पात्यांची घडणही उलटी केली गेली. बाहेरून दोन्ही पंप सारखेच दिसतात. चुकीचा पंप लागला तर पाणी नीट ढकलले जात नाही, आणि मालक बिचारा रेडिएटर बदलत राहतो. पंपावर पंखा असेल तर त्यालाही हाच नियम लागू.

म्हणूनच आमचा आग्रह असा की, इंजिन घेताना त्याच्या पुढचा संपूर्ण संच, म्हणजे पंप, ब्रॅकेट, टेन्शनर व सर्व पुल्या, एकाच गाडीतून घ्यावा. आणि माउंटिंगचे वेल्डिंग करण्यापूर्वी तो चढवून रेडिएटर, स्टिअरिंग व चासीपासून किती अंतर राहते हे मोजावे. एखादा भाग बदलावाच लागला तर सरळ लोखंडी पट्टी क्रँकपुलीच्या तोंडाला लावून इतर पुल्यांची रेषा तपासावी. ३०० मिलिमीटर अंतरात दीड मिलिमीटरहून अधिक फरक नसावा. दुरुस्ती वॉशर किंवा शिम घालून करावी, ब्रॅकेट वाकवून नव्हे.

पुलीचा व्यासही हिशेबाने ठरवावा. क्रँकपुली १५० आणि अल्टरनेटरची ६० मिलिमीटर असेल तर गुणोत्तर अडीच. इंजिन ७५० फेऱ्यांवर असता अल्टरनेटर १८७५ फिरतो. ४००० वर तो १०,००० होतो. मंद गतीत बॅटरी भरत नाही म्हणून लहान पुली लावणाऱ्याने दुसऱ्या टोकाचा आकडाही मोजावा. शिवाय पुली लहान झाली की पट्ट्याची मिठी कमी होते, आणि प्रथम तीच पुली घसरते.

लांबी ठरवण्यासाठी अल्टरनेटर आतल्या टोकाच्या थोडा पुढे ठेवून पुल्यांभोवती न ताणणारी दोरी फिरवावी व मोजावी. अशाने पट्टा चढवायला जागा राहते आणि पुढे ताण देण्यासही वाव उरतो. व्ही पट्टा सर्वांत लांब भागात अंगठ्याने दाबला असता साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. अधिक ताणल्यास पंपाचे व अल्टरनेटरचे बेअरिंग जाते. नवा पट्टा पंधरा-वीस मिनिटे चालवून इंजिन बंद करून पुन्हा ताणावा.

सर्व जुळल्यावर पट्ट्यावरील क्रमांक, पंपाची फिरण्याची दिशा आणि अल्टरनेटर कोणत्या गाडीचा हे एका कागदावर लिहून एका जादा पट्ट्यासह गाडीतच ठेवावे. हमरस्त्यावरील दुकानदार पहिला प्रश्न ‘गाडी कोणती?’ असाच विचारतो, आणि इंजिन बदललेल्या गाडीच्या नावाने मागितलेला पट्टा तिला बसत नाही.