सारायेव्होनं जपलेली पानं

मोस्तारहून सकाळी सातला निघालेली आमची छोटी बस नेरेत्वा नदीच्या काठाकाठानं डोंगर चढत होती. सारायेव्हो तिथून साधारण 130 किलोमीटर. एका दिवसात राजधानी दाखवून संध्याकाळी परत आणून सोडणारी सहल होती ती. हातात दिलेल्या कागदावर ठिकाणं लिहिलेली होती: जुना बाजार, लॅटिन पूल, युद्धातला बोगदा. म्हणजे 1914 आणि 1992. बोस्नियाच्या या राजधानीला जग या दोन सालांवरूनच ओळखतं. मी निघाले होते ती मात्र एका पुस्तकासाठी, आणि त्या पुस्तकाचं नाव कागदावर कुठेच नव्हतं.

मिल्याच्का नावाची उथळ नदी, दोन्ही बाजूंनी चढत गेलेले डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात लांबलचक पसरलेलं गाव. ऑटोमन तुर्कांचा सरदार ईसा-बेग इशाकोविच यानं ते वसवलं, आणि 1462च्या त्याच्या वक्फनाम्यावरून शहराचं वय मोजतात. वक्फनाम्याला तिथेही ‘वकुफनामा’च म्हणतात. शहराच्या नावातला ‘साराय’ म्हणजे वाडा. आपली ‘सराई’ त्याच फारसी शब्दावरून आली. बाजारात शिरल्यावर तर कानांना ओळखीचे शब्द सापडतच गेले. दुकानाला दुच्यान, साबणाला सापुन, पिशवीला केसा. हा केसा म्हणजे आपल्या खिशाचा सख्खा भाऊ. फारसी-अरबी शब्द तुर्कांच्या हातून तिकडे गेले आणि सुलतानांच्या दरबारांतून आपल्याकडे आले. पाच हजारांहून अधिक किलोमीटरांवर मराठी माणसाला आपल्याच घरचा शब्द ऐकू येतो, याचं मला दिवसभर अप्रूप वाटत राहिलं.

या बाजाराचं नाव बाश्चार्शिया. त्यातल्या कझांजिलुक गल्लीत ठोक्याची तांब्याची भांडी घडवतात. पुण्याच्या तांबट आळीत ऐकू येतो तसाच एका लयीतला ठोका इथे दुरूनच ऐकू येतो. भांड्यांशेजारी बंदुकीच्या आणि तोफांच्या पितळी पुंगळ्यांवर नक्षी काढून केलेली पेनं आणि फुलदाण्या मांडलेल्या असतात. पाण्याच्या लाकडी घुमटीपाशी, सेबिल्यपाशी, आम्ही कॉफीला बसलो. तांब्याच्या लांब दांड्याच्या जेझ्व्यातून दाट कॉफी येते, आणि ती बिनकानाच्या छोट्या पेल्यात, फिल्जानमध्ये, आपली आपण ओतून घ्यायची. साखरेचा खडा कॉफीत बुडवून तुकडा दातांनी तोडायचा आणि मग घोट घ्यायचा. घाई करायची नाही, असं गाईडबाईंनी बजावलं.

जवळच घड्याळाचा मनोरा आहे. माझ्या मनगटावर अकरा वाजले होते, मनोऱ्यावर अडीच. घड्याळ बिघडलेलं नव्हतं. सूर्य मावळला की बारा वाजले, असा जुना हिशेब ते पाळतं, आणि दिवस लहानमोठा होईल तसे त्याचे काटे माणसानं हातानं सरकवावे लागतात. ते काम पाहणाऱ्याला मुवेकित म्हणतात. त्या मनोऱ्याच्या सावलीत गाझी हुस्रेव-बेगची मशीद आहे. हा सुभेदार 1541 साली वारला; मशीद, मदरसा, बाजारपेठ अशी शहराची अर्धी घडी त्याच्या दानातून बसली. 1537 साली मदरशाबरोबर त्यानं ग्रंथालयाचीही तजवीज केली. ते ग्रंथालय आजही चालू आहे. त्याची गोष्ट पुढे येतेच.

लॅटिन पुलाचा कोपरा दहा मिनिटांत पाहून होतो. 28 जून 1914 रोजी सकाळी ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याच्यावर आधी बॉम्ब फेकला गेला, त्यातून तो वाचला, नगरभवनात जाऊन सत्कार घेऊन निघाला. मोटार चुकीच्या वळणावर शिरली, थांबली, आणि समोर 19 वर्षांचा गाव्रिलो प्रिन्सिप उभा होता. युवराज आणि त्याची पत्नी सोफी दोघंही मारली गेली. पुढचं महायुद्ध सर्वांना माहीत आहे. माझं लक्ष अडकलं ते युवराज जिवंतपणी ज्या इमारतीतून शेवटचा बाहेर पडला त्या नगरभवनावर. सारायेव्होच्या पुस्तकांची गोष्ट तिथूनच सुरू होते.

त्या इमारतीला व्हिएच्नित्सा म्हणतात. ऑस्ट्रिया-हंगेरीनं 1878मध्ये बोस्निया ताब्यात घेतला आणि 1896मध्ये नदीकाठी पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांची, मूरिश कमानींची ही वास्तू उघडली. 1949मध्ये तिथे राष्ट्रीय आणि विद्यापीठ ग्रंथालय आलं. बोस्नियाच्या युद्धात शहराला वेढा पडलेला असताना, 25 ऑगस्ट 1992च्या रात्री सभोवतालच्या डोंगरांवरून सर्ब फौजांनी तिच्यावर आग लावणारे गोळे डागले. शहराचं पाणी तोडलेलं होतं. ग्रंथपाल आणि नागरिक माणसांची साखळी करून, गोळीबार चालू असताना, पुस्तकं बाहेर काढत होते. सुमारे 15 लाख पुस्तकांपैकी, त्यात दीड लाखांवर दुर्मीळ ग्रंथ, जेमतेम दहावा हिस्सा वाचला. आइदा बुतुरोविच ही तरुण ग्रंथपाल त्या दिवसांतच तोफगोळ्यानं गेली.

राख शहरभर पडत राहिली. राष्ट्रीय संग्रहालयाचे ग्रंथपाल केमाल बकार्शिच यांनी तिचं वर्णन लिहून ठेवलं आहे. हवेतून आलेलं जळकं पान हातात धरलं की ते कोमट लागायचं, काळ्या कागदावर राखाडी अक्षरं क्षणभर वाचता यायची, आणि ऊब निवली की त्याची चिमूट-चिमूट राख व्हायची. हे वाचल्यापासून मला व्हिएच्नित्साचे चकचकीत फोटो बघवत नव्हते. आत उभी राहिले तेव्हा रंगीत काचांच्या छतातून ऊन येत होतं, सगळं नवं, सुंदर. इमारत दुरुस्त होऊन 9 मे 2014ला पुन्हा उघडली आहे, पण राष्ट्रीय ग्रंथालय तिथे परत आलेलं नाही. ही गोष्ट सहलीत सांगितली जात नाही. मी विचारलं म्हणून कळली.

त्याआधी, 17 मे 1992ला, प्राच्यविद्या संस्था जाळली गेली होती. अरबी, फारसी, तुर्की आणि अरबी लिपीत लिहिलेल्या बोस्नियन भाषेतली 5,263 हस्तलिखितं तिथे होती, शिवाय ऑटोमन काळातले सरकारी कागद. पेशवे दफ्तराचे सगळे रुमाल एका रात्रीत जळाले तर काय होईल, याची कल्पना करून पाहावी. कुणाची जमीन कुठे होती, कोण कुठल्या गावात किती पिढ्या राहत होतं, याचा पुरावाच उरत नाही. आग लावणाऱ्यांनी निशाणा नेमका धरला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माणसं हाकलायची तर त्यांचं इथलं असणंही पुसावं लागतं.

वेढा 1,425 दिवस चालला, 5 एप्रिल 1992 ते 29 फेब्रुवारी 1996. आधुनिक युद्धांच्या इतिहासात राजधानीला पडलेला इतका लांब वेढा दुसरा नाही. संयुक्त राष्ट्रांनी तिकडे पाठवलेल्या शांतिसेनेचे पहिले सेनापती भारतीय होते: लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी, 1971च्या युद्धातले वीरचक्र विजेते. त्यांचं मुख्यालय आधी सारायेव्होतच होतं. वेढ्याला 20 वर्षं झाली तेव्हा, 2012मध्ये, मुख्य रस्त्यावर 11,541 रिकाम्या लाल खुर्च्या मांडल्या गेल्या. मेलेल्या प्रत्येकासाठी एक, मुलांसाठी छोट्या. विमानतळाखालचा बोगदा 1993मध्ये खणला गेला, जवळजवळ 800 मीटर लांब आणि माणसाला वाकून चालावं लागेल इतका बुटका. आज त्याचा थोडाच भाग आत जाऊन पाहता येतो. वाकून ती काही पावलं चालले, आणि पाठीवर पिठाचं पोतं घेऊन पूर्ण अंतर चालणाऱ्यांचे विचार मनात येत राहिले. आमच्या गाईडबाई तेव्हा शाळकरी होत्या. बिअरच्या जुन्या कारखान्यातल्या झऱ्यावर पाण्याच्या रांगेत उभं राहणं हे त्यांचं काम होतं, एवढंच त्या म्हणाल्या.

आता गाझी हुस्रेव-बेगच्या ग्रंथालयाकडे. त्यात दहा हजारांच्या आसपास हस्तलिखितं होती. गोळे पडायला लागल्यावर मुख्य ग्रंथपाल मुस्तफा याहिच यांनी ती एका जागी ठेवायची नाहीत असं ठरवलं. सफाई करणाऱ्या बाई, कॉंगोतून आलेला रात्रीचा पहारेकरी, दोन-चार सहकारी, सगळ्यांनी मिळून केळ्यांच्या खोक्यांत ग्रंथ भरले आणि नेम धरून बसलेल्या बंदूकधाऱ्यांच्या टप्प्यातून, पूल ओलांडून, हातानं वाहून नेले. एका जागी धोका वाढला की दुसरीकडे. वेढ्यात अशी बिऱ्हाडं अनेकदा हलली. आज ती पानं मशिदीजवळच्या नव्या इमारतीत आहेत. ही इमारत 2014मध्ये उघडली. घरात खायला नसताना ही माणसं खोकी उचलत होती, हे लिहितानाही मला थांबावं लागतं.

दुपारी दोन तास मोकळे दिले होते. बाकीची मंडळी खरेदीला गेली. मी तीन नंबरची ट्राम धरली. घोड्यांच्या ट्रामनंतर 1895पासून इथे विजेच्या ट्राम धावतात. संग्रहालय ज्या रस्त्यावर आहे त्याचं वेढ्यातलं नाव ‘स्नायपर गल्ली’. 1888मध्ये स्थापन झालेलं हे राष्ट्रीय संग्रहालय. त्याच्या बागेत मध्ययुगीन थडग्यांचे दगड ठेवले आहेत, आणि आत, काचेआड, ते पुस्तक.

सारायेव्हो हग्गादा. ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या रात्री कुटुंबानं एकत्र बसून वाचायची पोथी. 1350च्या सुमारास बार्सिलोना परिसरात वासराच्या कातड्यावर ती लिहिली गेली. सुरुवातीची 34 पानं सोन्या-निळ्याच्या चित्रांनी भरलेली आहेत: जगाची उत्पत्ती, नोहाचं तारू, मिसरातली गुलामी. ज्यू धर्मग्रंथांत चित्रं नसतात, ही समजूत 1898मध्ये ही पोथी अभ्यासकांनी प्रकाशित केल्यावर मोडली. 1492मध्ये स्पेननं ज्यूंना हाकललं तेव्हा ती बाहेर पडली. 1609मध्ये ती इटलीत होती. तपासणी करणाऱ्या ख्रिस्ती अधिकाऱ्याची सही तिच्यावर आहे, म्हणून ती जाळली गेली नाही. 1894मध्ये एका ज्यू कुटुंबानं ती संग्रहालयाला विकली. मराठी वाचकाला हग्गादा अगदीच परकी वाटू नये. कोकणातल्या बेने इस्राएल समाजासाठी 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली होती.

1942मध्ये नाझी सेनापती ही पोथी मागायला संग्रहालयात आला. ग्रंथपाल देर्विश कोर्कुत हे मुस्लिम विद्वान. त्यांनी पोथी कपड्यांखाली लपवली आणि तुमचाच एक अधिकारी ती घेऊन गेला, असं सेनापतीला सांगण्यात आलं. मग ती डोंगरातल्या एका खेड्यात पोचवली गेली. तिथल्या मशिदीत ती ठेवली होती असं सांगतात. त्याच कोर्कुत पती-पत्नींनी मिरा पापो या ज्यू मुलीला मुस्लिम मोलकरीण म्हणून घरात ठेवून वाचवलं. याबद्दल 1994मध्ये इस्राएलनं त्यांचा सन्मान केला. 1999मध्ये कोसोव्होच्या युद्धात कोर्कुत यांची मुलगी निर्वासित झाली, तेव्हा आईवडिलांच्या त्या सन्मानपत्राच्या आधारावर इस्राएलनं तिला आसरा दिला. 1992मध्ये संग्रहालय युद्धाच्या आघाडीवर आलं तेव्हा प्राध्यापक एनवेर इमामोविच काही पोलिसांना घेऊन आत शिरले, पोथी काढली आणि बँकेच्या तिजोरीत नेऊन ठेवली. कोर्कुत आणि इमामोविच, दोन वेळा दोन मुसलमानांनी वाचवलेलं हे ज्यू पुस्तक.

युद्धानं जे केलं नाही ते शांततेत झालं. 2012मध्ये निधी आणि जबाबदारी कुणाची यावरून संग्रहालयाला टाळं लागलं. कर्मचारी तीन वर्षं पगाराविना कामावर येत राहिले. 2015मध्ये दारं पुन्हा उघडली.

काचेजवळ वाकून मी पाहिलं. पानांवर तपकिरी डाग आहेत. ते द्राक्षदारूचे. शेकडो वर्षांपूर्वी सणाच्या रात्री कुठल्यातरी घरी जेवणाच्या वेळी पोथी मांडीवर उघडून बसले होते, पेला कलंडला, आणि ते पान तसंच आपल्यापर्यंत आलं.

एक दिवसाच्या सहलीनं सारायेव्होला गेलात तर गाईडला आधीच सांगा की बोगद्याइतकाच वेळ संग्रहालयालाही हवा. हग्गादाचं दालन किती वाजता उघडतात ते तिकिटाआधी विचारून घ्या. आणि सोमवार टाळा. त्या दिवशी संग्रहालय बंद असतं.