आजीला तारीख विचारू नका

आज तारीख काय? महिना कोणता, वर्ष कोणते? 100 मधून 7 वजा करा, आलेल्या उत्तरातून पुन्हा 7. ही ओळ वाचा आणि तसे करा. मनाने एक वाक्य लिहा. हे दोन पंचकोन पाहून काढा. मार्शल फोल्स्टीन आणि सहकाऱ्यांनी 1975 साली अमेरिकेत ही चाचणी प्रसिद्ध केली आणि म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूची पहिली तपासणी म्हणून ती जगभर वापरली जाऊ लागली. एकूण गुण 30. 24 च्या खाली गेले की स्मृतिभ्रंशाची शंका घ्यायची.

हा कागद नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर, सत्तरी ओलांडलेल्या आजीपुढे ठेवला तर काय होईल? ती पावरी बोलते. शाळेची पायरी कधी चढलेली नाही, हातात पेन धरलेले नाही. कोणता कंद कोणत्या उतारावर मिळतो, कुणाच्या घरची सोयरीक कुठे झाली, कोणत्या वर्षी पाऊस कसा पडला, हे सगळे तिला तोंडपाठ असते. तरी तारीख, वजाबाकी, वाचन, लेखन आणि पंचकोन या पाचही ठिकाणी तिचे गुण जाणार. तिच्या मेंदूत काहीही बिघडलेले नसताना कागद तिला आजारी ठरवेल.

हा नुसता तर्क नाही. 1993 साली अमेरिकेतल्या 18 हजारांहून अधिक प्रौढांच्या याच चाचणीच्या गुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ वर्षे किंवा जास्त शिकलेल्यांचा मध्यांक 29 होता. चार वर्षांपेक्षा जास्त शाळा न झालेल्यांचा 22. म्हणजे कमी शिकलेली निम्म्याहून अधिक माणसे आजाराच्या रेषेखाली गेली. ही अवस्था अमेरिकेची. नंदुरबार जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत साक्षरता 64 टक्क्यांच्या आसपास होती, आणि त्या आकड्यात शाळेत जाणारी मुलेही धरलेली आहेत. आज जे साठी-सत्तरीत आहेत, त्यांच्या लहानपणी सातपुड्याच्या कितीतरी पाड्यांवर शाळाच नव्हती. जिल्ह्यातली सुमारे 69 टक्के माणसे अनुसूचित जमातींची आहेत. घरात भिली, पावरी, मावची, कोकणी आणि दवाखान्यात मराठी, असे अनेकांचे आयुष्य गेले आहे.

शाळा माणसाला केवळ अक्षरे देत नाही. प्रश्नाला प्रश्न म्हणून उत्तर देण्याची सवयही लावते. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया 1931-32 मध्ये उझबेकिस्तानात गेले होते. बर्फाळ उत्तरेत सगळी अस्वले पांढरी असतात, अमुक गाव उत्तरेत आहे, तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची, असे त्यांनी निरक्षर शेतकऱ्यांना विचारले. आपण तिथे गेलेलो नाही, न पाहिलेल्या गोष्टीबद्दल कसे बोलायचे, या अर्थाची उत्तरे त्यांना मिळाली. हे विचारशक्तीचे दुबळेपण असे कुणी म्हटले तर मला ते अजिबात मान्य नाही. पाहिले नाही त्याची ग्वाही द्यायची नाही, ही विचार करण्याचीच एक शिस्त आहे. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी याच्या जवळचे काही दाखवले आहे. निरक्षर माणसांना वस्तूंची रेघांनी काढलेली चित्रे ओळखताना अडचण येते. तीच खरी वस्तू समोर ठेवली की ती साक्षरांइतकीच चटकन नाव सांगतात. कागदावरचा विळा आणि हातातला विळा यांत एवढा फरक पडतो.

भारतात या प्रश्नाला पहिले गंभीर उत्तर हरियाणातल्या बल्लभगढमध्ये मिळाले. मेरी गांगुली, विजय चंद्रा आणि सहकाऱ्यांच्या भारत-अमेरिका संयुक्त प्रकल्पाने 1995 साली हिंदी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग म्हणजे बदललेले प्रश्न. ओळ वाचून डोळे मिटण्याऐवजी ‘माझ्या चेहऱ्याकडे पाहा, मी करतो तसे करा’. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काही सांगायचे. हजार वेळा म्हटलेली, पण उलटी म्हणताना मेंदूला खरोखर ताण देणारी गोष्ट म्हणून आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. तपासायची क्षमता तीच, तिच्यापर्यंत जायची वाट वेगळी. 55 वर्षांवरच्या पाच हजारांहून अधिक ग्रामस्थांत, ज्यांतले सुमारे तीन चतुर्थांश निरक्षर होते, या पद्धतीने शोध घेतला तेव्हा अल्झायमरचे प्रमाण जगातल्या तोपर्यंतच्या सर्वांत कमी आकड्यांत निघाले.

म्हणून खेड्यात हा आजार नाहीच, असे समजणे मात्र घातक ठरेल. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये 45 वर्षांवरच्या 72 हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. तिला जोडून झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासातून 2023 साली जो अंदाज आला, तो साठीपुढच्यांत 7.4 टक्के, म्हणजे देशभरात सुमारे 88 लाख माणसे असा आहे. प्रमाण स्त्रियांत, कमी शिकलेल्यांत आणि ग्रामीण भागात जास्त. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते: धडधाकट माणूस अडाणीपणामुळे आजारी ठरतो आणि खरोखर आजारी असलेल्याला ‘म्हातारचळ लागला’ म्हणून सोडून दिले जाते.

नंदुरबारसाठी चांगली चाचणी करायची तर साहित्य तिथेच पडलेले आहे. जन्मतारीख माहीत नसेल तर घटनांच्या आधाराने वय काढायची पद्धत संशोधक वापरतात. इथे असे टप्पे भरपूर आहेत. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारमध्ये गोळीबार झाला आणि शाळकरी शिरीषकुमार मेहता हुतात्मा झाला. 1972 चा दुष्काळ पडला. त्याच वर्षी पूर्ण झालेल्या उकाई धरणाचे पाणी नवापूरच्या बाजूच्या गावांत शिरले. पुढे नर्मदेकाठचे मणिबेली गाव सरदार सरोवराच्या पाण्यात बुडाले. तेव्हा तुमचे लग्न झाले होते का, मोठा मुलगा चालत होता का? अशा प्रश्नाने वयही कळते आणि जुनी स्मृतीही. आज कोणता वार हे विचारण्यापेक्षा पुढचा बाजार किती दिवसांनी हे विचारावे. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार झाला की व्हायचा आहे, यावरून ऋतूचे भान कळते. काठीची राजवाडी होळी आठवत नाही असा अक्कलकुव्याचा म्हातारा भेटला, तर मला त्याची काळजी वाटेल. सन सांगता आला नाही म्हणून वाटणार नाही. अर्थात असे प्रश्न नुसते सुचून भागत नाही. ते निरोगी आणि आजारी अशा दोन्ही प्रकारच्या शेकडो माणसांना विचारून त्यांचे गुण ठरवावे लागतात. हे काम चिकाटीचे आहे आणि ते जिल्ह्यातल्या भाषा बोलणाऱ्या तरुणांनी करायला हवे.

आजीच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, तिच्या भाषा. घरी पावरी, तळोद्याच्या बाजारात अहिराणी किंवा मराठी, उसाच्या फडात गुजराती, असे तिचे आयुष्यभर चालते. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाली होती. विशेष म्हणजे कधीही शाळेत न गेलेल्यांतही हा फरक दिसला. सगळ्या देशांतले अभ्यास याला दुजोरा देत नाहीत, वाद चालू आहे. तरीही जिथे भाषा बदलल्याशिवाय मीठसुद्धा मिळत नाही, तिथे या प्रश्नाचा अभ्यास व्हायलाच हवा.

धोक्यांची यादीही लांब आहे. ‘लॅन्सेट’ आयोगाने 2024 मध्ये बदलता येण्याजोगी 14 कारणे दिली: कमी शिक्षण, ऐकू कमी येणे, दृष्टी मंदावणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अति मद्यपान, नैराश्य, एकटेपण अशी. ती सगळी हाताळता आली तर जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा हिशेब. यांतली मोतीबिंदू, रक्तदाब आणि कान ही कामे तालुक्याच्या रुग्णालयाच्या आवाक्यातली आहेत. दारूचे तसे नाही. मोहाची दारू विधीत आहे, पाहुणचारात आहे. ‘दारू वाईट’ असा फलक लावून ती सुटत नाही. पण याच जिल्ह्यात तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी 1930 च्या दशकात आप पंथातून व्यसन सोडण्याची हाक दिली आणि मोठा आदिवासी समाज तिच्यामागे गेला. 1938 मध्ये ते वारले, तरी पंथ टिकला. आजूबाजूची माणसे बदलली की एकट्याला बदलणे सोपे जाते, हे वर्तनाचे संशोधन आज सांगते. सातपुड्याने ते आधीच करून पाहिले आहे.

निदान झाले, पुढे काय? गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी लोकांशी बोलून 2001 साली लिहिले की विसरणे, भरकटणे ही लक्षणे लोकांना ओळखू येतात, पण ती आजाराची वाटत नाहीत. म्हातारपणाची किंवा मुलांनी हेळसांड केल्याची वाटतात. मग अमित डायस आणि सहकाऱ्यांनी 81 कुटुंबांत प्रयोग केला. बारावीपर्यंत शिकलेल्या, स्थानिक भाषा येणाऱ्या साध्या माणसांना प्रशिक्षण दिले. ती घरी जात, आजार समजावून सांगत, चिडलेल्या म्हाताऱ्याला कसे सांभाळायचे ते दाखवत, गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवत. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण स्पष्टपणे कमी झाला. 2008 साली हे निष्कर्ष आले. गोव्यातल्या या सल्लागारांच्या जागी मला अक्कलकुव्याच्या आशाताई दिसतात. फक्त त्यांच्यावर आधीच किती कामे आहेत याचा विचार करून या कामाचा वेगळा मोबदला द्यायला हवा.

एक अडचण मात्र खास इथली आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्यांच्या बाबतीत घरच्यांचे सांगणे हाच निदानाचा मोठा आधार असतो: आताच जेवल्याचे विसरतात का, गावातच वाट चुकतात का? पण दिवाळी झाली की जिल्ह्यातली असंख्य कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि कधी त्यांच्याबरोबर नातवंडे. बिघाड सुरू झाला तर तो पाहणारे कुणी घरात नसते. ऑस्ट्रेलियाचे अँथनी जॉर्म यांनी 1989 साली नातेवाइकांसाठी प्रश्नावली केली, ती दहा वर्षांपूर्वीच्या माणसाशी आजच्या माणसाची तुलना करायला सांगते. इथे तुलनेचा मोका दर वर्षी येतो. मंडळी होळीला परत येतात. तेव्हा आशाताईने दारोदार एकच प्रश्न विचारावा: दिवाळीनंतर सोडून गेलात तेव्हाची आई आणि आताची आई यांत काही फरक वाटतो का? चार महिन्यांत एकदम फरक पडला असेल, तर तो थायरॉइडचा, बी-12 च्या कमतरतेचा, नैराश्याचा किंवा एखाद्या संसर्गाचाही असू शकतो. त्या आजारांवर औषधे आहेत, आणि रक्ताच्या तपासणीसाठी तिला शहाद्याला किंवा नंदुरबारला नेण्याची तेवढी सोय लागते.