राजगृहाच्या दारात पाऊल का थबकते?

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन केले की अनेकांची पावले रेल्वेचा पूल ओलांडून दादर पूर्वेला, हिंदू कॉलनीकडे वळतात. पाय दुखत असतात, गावी परतायची गाडी पकडायची असते, तरीही राजगृह पाहिल्याशिवाय बाया-माणसे निघत नाहीत. बाबासाहेबांचे विचार तर पुस्तकांत आहेत, मग घर बघून वेगळे काय मिळते?

आपल्या धम्मपरंपरेत याचे उत्तर जुने आहे. पाली परंपरा चैत्याचे प्रकार सांगते. अस्थी असतात ते सारीरिक, वापरातल्या वस्तू व जागा ते पारिभोगिक, आणि मूर्तीसारखी आठवणीची खूण ते उद्देसिक. वस्तीच्या चौकातला पुतळा उद्देसिक, चैत्यभूमी सारीरिक. राजगृहात बाबासाहेबांच्या अस्थी आहेत आणि त्यांचे चष्मे, काठ्या, टेबल-खुर्ची, पलंगही आहे. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी जन्म, संबोधी, पहिले प्रवचन आणि महापरिनिर्वाण अशी चार स्थळे पाहण्याजोगी सांगितली. तिथे गेल्यावर संवेग जागावा, म्हणजे मन हलावे आणि कामाला लागावे, ही अपेक्षा. नवस बोलायला नव्हे.

समाजशास्त्रात मॉरिस हाल्बवाक्स या फ्रेंच अभ्यासकाने सामूहिक स्मृतीबद्दल असेच काही मांडले. समाजाची आठवण हवेत टिकत नाही, तिला जागा लागते. ज्यांच्या पूर्वजांची नावे सातबाऱ्यावर नाहीत आणि ज्यांच्या आजोबांचे घर दाखवायला उरलेले नाही, त्यांना ही गोष्ट जास्त कळते.

आमच्या वस्तीतल्या बचत गटाच्या महिलांना घेऊन मी राजगृहात गेले होते. मला वाटले होते, सगळ्या अभ्यासाच्या टेबलापाशी थांबतील. थांबल्या त्या जेवणाच्या भांड्यांपाशी. त्यातल्या बऱ्याच जणी दुसऱ्यांच्या घरची भांडी घासतात. बाबासाहेब याच ताटात जेवायचे का, एवढेच एकीने विचारले आणि मग बराच वेळ कुणी बोलले नाही. मी त्यांना वर्षानुवर्षे संविधान समजावून सांगते आहे, पण तशी शांतता माझ्या एकाही सत्रात पडलेली नाही.

तिथून आम्ही परळच्या बीआयटी चाळीकडे गेलो. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची ही चाळ. तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेबांचे कुटुंब सुमारे २२ वर्षे राहिले. महाडचा सत्याग्रह झाला तेव्हा पत्ता हाच होता, ‘बहिष्कृत भारत’ निघाले तेव्हाही हाच. रमाईंनी गोवऱ्या थापल्या, परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहिली त्या याच संसारात. त्यांची चार लेकरे गेली. शेवटचा राजरत्न १९२६ मध्ये. राजगृहाचे सुख त्यांना फार थोडे लाभले. कुटुंब तिकडे राहायला गेले आणि २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. हे सगळे आम्हाला पाठ असते. पण जिन्याने वर जाऊन तो सामायिक व्हरांडा पाहिला की ‘हालअपेष्टा’ या शब्दाला माप मिळते. आमच्या महिलांनी त्या खोल्यांची तुलना लगेच स्वतःच्या झोपडीशी केली.

आता एक अडचणीचे बोलते. उंबरठ्यावर डोके टेकवणारे मी पाहिले आहेत, आणि मला ते खटकते. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, हे बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते. पण त्यावर उपाय म्हणून घरे विसरायची, हेही मला पटत नाही. नमस्कार करून निघून गेलेला माणूस रिकामा परततो. एवढ्या जागेत एवढे वाचन कसे झाले असेल, असे विचारणारा काही घेऊन जातो.

म्हणून घर कसे जपले जाते, हे महत्त्वाचे. दिल्लीत २६ अलिपूर रोडला २०१८ मध्ये संविधानाच्या ग्रंथाच्या आकाराचे भव्य स्मारक उभे राहिले, मात्र ज्या बंगल्यात महापरिनिर्वाण झाले तो मूळ बंगला उरलेला नाही. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर मात्र घर म्हणूनच राहिले. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये घेतले, आणि स्थानिक परवानगीचा वाद २०२० मध्ये मिटला.

बीआयटी चाळीतही स्मारक व्हावे, ही मागणी जुनी आहे. पण चाळीत आज माणसे राहतात. तिथल्या रहिवाशांना आधी त्याच परिसरात हक्काचे घर मिळाले पाहिजे. आणि स्मारक करताना संगमरवर लावून, भिंती पाडून ५० आणि ५१ चा एक मोठा हॉल करू नये. खोल्या आहेत तेवढ्याच राहू द्याव्यात, जिना आणि व्हरांडाही.