'पोळी' : पदार्थ, आकार आणि नाम

बोलींच्या पाहणीत 'पोळी म्हणजे काय?' असा प्रश्न विचारणाऱ्याने, उत्तर टिपून घेण्यापूर्वी, आपण कोणत्या गावी आणि कोणाच्या घरी बसलो आहोत हे पाहावे. पुण्यातील ब्राह्मण घरात ती रोजची गव्हाची पोळी असते. कोल्हापूरकडे रोजच्या पदार्थास चपाती म्हणतात आणि पोळी हे नाव बहुधा सणाच्या पुरणपोळीकरिता राखून ठेवतात. या सर्वांस नकाशावर एकच चिन्ह दिले, तर नकाशा सुबक होईल, पण खोटा ठरेल; कारण येथे प्रदेशभेदाइतकाच जातिभेदही बोलत असतो.

शब्द जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त मंडकाबरोबर पोलिका येते. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाशा'त भावमिश्राने पोलिकेचे जे लक्षण सांगितले आहे त्यात गव्हाच्या पिठाची अतिशय पातळ लाटी तव्यावर भाजावी, असे म्हटले आहे. या लक्षणातील पातळपणा अभ्यासकाने विसरू नये. 'पोळते ती पोळी' ही लोकव्युत्पत्ती मोहक खरी; परंतु तव्यावर तितकीच पोळणाऱ्या भाकरीस ते नाव का मिळाले नाही, याचे उत्तर तिच्यापाशी नाही.

कोकणातील आंबापोळी व फणसपोळी येथे विशेष उद्बोधक आहेत. त्यांत धान्य नाही, तवा नाही, अग्नीही नाही. रस वा गर तूप लावलेल्या ताटात पातळ पसरून उन्हात वाळवितात व थरावर थर देतात. पदार्थाचे द्रव्य आणि कृती दोन्ही बदलली, तरी आकाराच्या आधारे नाम टिकले. मधाच्या पोळ्याचे नावही याच आकारसाम्यातून आले असावे. गोव्यातील तव्यावर ओतावयाचा पोळो हाही याच कुळातील दिसतो.

कन्नडातील 'होळिगे' प्रथमदर्शनी परकी वाटते. पण त्या भाषेत आद्य पकाराचा हकार होतो (तमिळ 'पाल्', म्हणजे दूध, कन्नडात 'हालु' होते) हे ध्यानी घेतल्यास तिची सोयरीक उघड होते.

बैलांचा पोळा मात्र या पंक्तीस बसवू नये. त्याचे नाते देवाला सोडलेल्या वळूच्या 'पोळ' या नावाशी जोडणे अधिक सयुक्तिक. अहमदाबादेतील 'पोळ', म्हणजे दरवाजा असलेली वस्ती, ही तर संस्कृत 'प्रतोली'पासून आलेली.